दिव्याला भिणारा देव

खडकवाडीच्या पारासमोर त्या दिवशी जेवढी माणसं जमली होती, तेवढी मतदानालाही जमत नाहीत. लिंबाच्या झाडावर पोरं, झाडाखाली बाप्ये आणि त्यांच्या मागं टाचा उंचावून बघणाऱ्या बाया. आणि एवढा सगळा गाव ज्याच्यासाठी कामधंदा सोडून उन्हात भाजत होता, ती वस्तू म्हणजे एक जुनाट पिकअप गाडी.

गाडीत काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते तिच्या पाठीवर. मागच्या हौद्यावर सागवानी फळ्यांचं अख्खं घर चढवलेलं होतं. त्याला खिडक्या, खिडक्यांना भगवे पडदे, पत्र्याचं छप्पर, छपरावर पितळी कळस आणि मागून चढायला लाकडी पायऱ्या. आत बाज होती, पाण्याचा माठ होता, कपड्यांची पेटी होती आणि एका कोपऱ्यात देव्हारा होता. या घरात श्री भारहरणनाथ महाराज राहत, झोपत आणि घरासकट गावोगाव फिरत. लोक त्या घराला रथ म्हणत. महाराजांचा आकार पाहता ज्याचा भार हरण व्हायला हवा होता तो समोरच बसलेला होता, पण भक्तांना असलं काही दिसत नसतं.

साल चौऱ्याहत्तरचं, उन्हाळ्याचे दिवस. पेट्रोलचे भाव असे भडकले होते की ज्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती तोही पारावर बसून पेट्रोलची काळजी करायचा. नेमक्या अशा वेळी महाराज उगवले आणि त्यांनी सांगितलं की आपला रथ पाच लिटरात परभणीच्याही पुढच्या पोखर्णीला जाऊन परत येतो.

"बाळांनो," महाराज पायरीवर उभे राहून सांगत होते, "रिकामी गाडी पेट्रोल पिते. का पिते? कारण तिच्यात देव नाही. ती तहानलेली असते! तिच्यावर देवाचं घर चढवा. मग भार देवाचा, धाव गाडीची आणि पेट्रोल फक्त निमित्ताला! माझ्या देवाच्या घरात दहा माणसं बसली तर गाडी कमी पिते. वीस बसली तर त्याहून कमी!"

"चाळीस बसली तर उलट टाकीतून बाहेर यायला लागेल का?" गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या कमलबाईंनी विचारलं.

कमलबाई म्हणजे गावच्या नर्सबाई. आरोग्य खात्यानं तिथं नेमून चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत गावातलं बहुतेक प्रत्येक नवं मूल त्यांच्या हातावर आलं होतं. बाई अंगानं किरकोळ, बोलायला तिखट. मूर्खपणा दिसला की त्यांच्या कपाळावर एक आठी पडायची, आणि महाराज गावात आल्यापासून ती आठी मोडलीच नव्हती.

लोक हसले नाहीत. दत्तराव पाटलांनी डोळे वटारले. कारण आदल्याच दिवशी पाटलांनी स्वतः चमत्कार पाहिला होता. पंचांसमोर रथाची टाकी रिकामी केली होती. गाडीखाली घुसून ती रिकामी करणारा कुणी महाराजांचा चेला नव्हता, गावचाच बन्सीधर ड्रायव्हर होता. मग पाटलांनी स्वतःच्या हातानं पाच लिटर पेट्रोल मापून ओतलं होतं. महाराजांचा शिष्य सिताराम गाडी हाकायला बसला, शेजारी पाटील आणि पंचांपैकी भगवानराव बसले, आणि दिवस मावळायच्या आत मंडळी पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन, नारळ फोडून परत आली होती.

"माझ्या मालकाची गाडी एवढ्यात परभणीला बी कशीबशी जाती," बन्सीधर कानाला हात लावून म्हणाला. "अन् ती तर मोकळी असती. हिच्यावर घर हाय, घर!"

"मग मला सांग," कमलबाई म्हणाल्या, "भरल्या गाडीचा बैल रिकाम्या गाडीच्या बैलापेक्षा कमी कडबा खातो का?"

"बैल येगळा, बाई."

"बरं, बैल राहू दे. वाऱ्याच्या तोंडावर उघडी छत्री धरून चाललास तर दमतोस का न्हाई? हे घर म्हणजे तसलीच छत्री. वारा त्याला मागं रेटणारच. गाडीनं जास्त प्यायला पाहिजे. ती कमी पिती म्हणजे तुमी मापलेलं सोडून दुसरं काहीतरी ती पिती. टाकीत काठी घालून बघा, आत किती उरलंय ते."

पाटलांनी जीभच चावली.

"काय बोलताव, बाई! खळ्यावरची रास कुणी अशी मधीच उघडून बघतं का? बरकत जाती ना!"

ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण महाराजांची सगळी भाकरी याच तव्यावर भाजली गेली. त्या भागात खळ्यावर ज्वारीची रास मोजतात तेव्हा मोजणारा बोलत नाही. पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. रास कापडानं झाकून ठेवतात आणि किती उरली म्हणून कुणी डोकावत नाही. डोकावलं की बरकत गेली. त्या साली खळी नुकतीच उरकली होती आणि माप अजून लोकांच्या हातात होतं. त्यामुळं पेट्रोल ओततानाही पाटलांच्या तोंडून पहिल्या मापाला आपसूक "लाभ" निघालं, आणि पाचवं माप ओतल्यावर भगवानरावांनी टाकीच्या तोंडावर स्वतःचं उपरणं बांधून टाकलं. महाराजांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना हा रिवाज ठाऊकसुद्धा नव्हता. पण ते उपरणं पाहून त्यांचे डोळे असे चमकले की बस!

"पाहा!" ते आताही गरजले. "शास्त्र तुमच्याच खळ्यात आहे आणि ही बाई तुम्हाला काठी घालायला सांगते!"

चोराला दार उघडून द्यायचं, वर कडी कुठं आहे तेही दाखवायचं, असा सगळा प्रकार. कमलबाई घरी आल्या आणि त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

महाराज पेट्रोल वाचवतात की ओततात, याच्याशी त्यांना तसं देणंघेणं नव्हतं. गावाला फजितीची हौसच असेल तर खुशाल करून घ्यावी. पण महाराजांना हवी होती दिनकररावांची गाडी.

दिनकरराव गावातले मोठे बागाईतदार. गावात चार चाकांचं वाहन एकच आणि ते त्यांचं. माणूस कंजूस नव्हता. अडल्यानडल्याला, रात्री-अपरात्री बन्सीधरला गाडी काढायला सांगायचा. साप चावलेली, विहिरीत पडलेली, बाळंतपणात अडलेली, सगळी माणसं त्याच गाडीतून परभणीच्या दवाखान्यात गेली होती. आता महाराजांनी त्यांना सांगितलं होतं, "तुझी गाडी सव्वा महिना मठात दे. तिच्यावर असंच घर चढवतो, देव बसवतो. जन्मभर फक्त वास घेऊन पळेल." मठ नेमका कुठं आहे, ते दिनकररावांनी विचारलं नाही. बन्सीधरनं रथाच्या मागोमाग गाडी न्यायची, मठात पोचवायची आणि एस.टी.नं परत यायचं, असं ठरलं. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता.

आणि चांगुणाबाईची लेक मनकर्णा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिचे दिवस भरले होते आणि पोटात मूल आडवं होतं.

कमलबाईंनी चांगुणाबाईला हे परोपरीनं सांगितलं होतं. आडवं मूल घरी जन्मत नाही. कळा सुरू झाल्या की तडक परभणीला न्यायचं, तिथं पोट उघडून मूल काढतील. नाही नेलं तर आई जाईल, मूल जाईल. चांगुणाबाई रोजानं कामाला जाणारी विधवा बाई. तिच्यापाशी होतं काय? दिनकररावांची गाडी आहे, या एका भरवशावर ती झोपत होती.

कमलबाई दिनकररावांकडं गेल्या.

"मालक, मनकर्णाला कधीबी कळा सुरू व्हतील. गाडी आता देऊ नका."

"बाई, एका बाळंतपणासाठी देवाला थांबवू का मी?" दिनकरराव समजुतीनं म्हणाले. "अन् म्हाराज म्हणले, तिला रथात दर्शनाला पाठवा. मूल आपोआप सरळ व्हतं."

"अन् न्हाई झालं तर?"

तेवढ्यात महाराज मागून आले. त्यांनी दुपारचं जेवण तिथंच आटोपलं होतं आणि ढेकर द्यायचं काम चाललं होतं. "दिनकरराव, कुणाचं ऐकता? यांच्या घरी देवघर आहे का विचारा. भिंतीवर बुद्धाचा आणि आंबेडकरांचा फोटो! यांना देव काय कळणार?"

"त्या फोटोतल्या माणसांनी मला डोकं वापरायला शिकवलं," कमलबाई म्हणाल्या. "तुमच्या देवानं काय शिकवलं, ते तुमच्या पोटाकडं बघूनच कळायलंय."

दिनकररावांच्या बायकोला, सरजाबाईंना, आत हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. भरवशाची गाडी जाणार म्हटल्यावर घाबरलेली चांगुणाबाई मनकर्णाला रथात दर्शनाला घेऊन गेली. महाराजांनी पडदे ओढले, दार लोटलं आणि त्या अवघडलेल्या पोरीला भर उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली देव्हाऱ्याला टेकून बसवलं. बाहेर आली तेव्हा पोरगी झिंगल्यासारखी चालत होती. पायरीशीच भडभडून ओकली आणि डोकं धरून मटकन खाली बसली.

"देवानं धरलं! देवानं धरलं!" लोक ओरडले. "मूल फिरलं पोटात!"

कमलबाई धावतच आल्या. त्यांनी मनकर्णाला घरी नेलं, निजवलं, पोटावर हात फिरवला. बाळाचं डोकं सकाळी जिथं होतं तिथंच, उजव्या कुशीला होतं. देवानं काडीइतकंही हलवलं नव्हतं. त्यांनी घाम पुसायला मनकर्णाचा पदर ओढला आणि हात थांबला. पदराला हिना अत्तराचा दाट वास येत होता. त्या अत्तराच्या खाली आणखी एक वास होता. पेट्रोलचा.

हा वास त्यांच्या चांगला ओळखीचा होता. किती रुग्णांना मांडीवर घेऊन त्या बन्सीधरच्या मागं बसल्या होत्या! पण तो उघड्या गाडीत यायचा, टाकी भरताना यायचा. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात तो कुठून आला?

"मनकर्णा, तिथं समई होती का गं?"

"न्हाई, बाई."

"उदबत्ती? धूप? कापूर?"

"काहीच न्हाई. नुसती फुलं अन् अत्तर. म्हाराज म्हणले, माझा देव शीतळ हाय, त्याला आग चालत न्हाई."

कमलबाई मनातल्या मनात जोडत गेल्या. बाज आहे, माठ आहे, पण चूल नाही, स्टोव्ह नाही, जेवण भक्ताच्या घरी. महाराज तंबाखू खातात, बिडी मात्र शिष्यालासुद्धा ओढू देत नाहीत. आणि देवाच्या पुढं दिवा नाही. असला देव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शीतळामाईला थंड नैवेद्य दाखवतात, हे आठवून लोकांनी माना डोलवल्या होत्या. एकाच्याही मनात आलं नाही की देव शीतळ असला तरी त्यानं एका वातीला एवढं भ्यायचं कारण काय?

आता हे गावाला कसं सांगायचं? बाईंनी सांगितलं की लोक फोटोंकडं बोट दाखवणार. त्या तडक सरजाबाईंकडं गेल्या.

"वहिनी, उद्या गाडी जायलीय. तुमी ओवाळणार न्हाईत?"

सरजाबाई उसळूनच बोलल्या. "तेच तर मी म्हणलं मालकाला! पोळ्याला बैल ओवाळतो, लेक सासरी निघाली की ओवाळतो. एवढी लक्षुमीसारखी गाडी दाराबाहीर जायलीय अन् म्हाराज म्हणतेत, दिवा नको! लय जिवाला लागलंय माझ्या."

"मग ओवाळा की. पाच जणींनी मिळून ओवाळा. फक्त एक ऐका. मी रांगोळीची रेघ काढते, त्याच्या पुढं पाऊल टाकू नका. कुणालाच टाकू देऊ नका. माझ्या गळ्याची शपथ."

सरजाबाईंनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. बाई कधी देवापुढं हात जोडत नाही, लग्नसुद्धा मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणून केलेलं, आणि आज ही ओवाळायला सांगते! पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "तांब्याची ताटं काढते," एवढंच म्हणाल्या.

सकाळी पुन्हा सगळा गाव जमला. पुढं रथ, मागं दिनकररावांची गाडी. सिताराम स्टिअरिंगपाशी बसला होता. महाराज रथात शिरून खिडकीतून आशीर्वाद वाटत होते. चांगुणाबाई कडेला उभी होती आणि तिची नजर रथाकडं नव्हती, मागच्या गाडीकडं होती. कारण मनकर्णाच्या कमरेत पहाटेपासून दुखायला लागलं होतं.

रथापासून चांगली लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कमलबाईंनी जाड रेघ काढून ठेवली होती. वाड्याच्या बाजूनं सरजाबाई निघाल्या. हातात ताट, ताटात पाच वाती पेटलेल्या. मागं चौघी जणी, चौघींच्या हातात तसलीच ताटं.

महाराजांचा आशीर्वादाचा हात हवेतच राहिला.

"ए! ए बाई! थांबा! आग आणू नका! देव शीतळ आहे!"

"शीतळ देवाला बी निरोप द्यावा लागतो, म्हाराज," सरजाबाई चालता चालता म्हणाल्या. "आमच्या गावची रीत हाय."

"कोप होईल! देवाचा कोप होईल!"

"व्हऊ द्या. माझ्या एकटीवर व्हऊ द्या."

बाया येतच राहिल्या. सितारामानं ती ताटं पाहिली आणि गुरूला हाकही न मारता उडी टाकली. धोतराचा सोगा हातात धरून तो बोरी गावाच्या वाटेनं असा सुटला की त्याच्या मागं धूळच दिसली. मग महाराजांचं देवपण संपलं. त्यांनी दार ढकललं, पायऱ्या चुकवल्या, कफनी खिळ्याला अडकून टरकन फाटली आणि भारहरणनाथांचा सगळा भार खडकवाडीच्या मातीवर आदळला.

"पेट्रोल आहे त्यात!" ते गुडघ्यावर रांगत किंचाळले. "अहो बाया, पेट्रोल! जळून मराल सगळे! पेट्रोल!"

सरजाबाई रांगोळीच्या रेघेवर थांबल्या.

"इझवा दिवे," कमलबाई म्हणाल्या. पाचही ताटांतल्या वाती एकदम विझल्या. मग त्या महाराजांकडं वळल्या. "कुठं हाय म्हणलाव पेट्रोल? परवाच्या पाच लिटरातलं तर पोखर्णीला संपलं असंल. मग हे कुठलं? देवातलं का?"

महाराज दोन्ही हातांनी फाटकी कफनी सावरत होते.

दिनकररावांनी पायऱ्या चढून आत जाऊन देव्हारा ओढला. तो उचलून आला. खाली पितळी झाकणाचं तीर्थकुंड होतं आणि झाकणाखाली तीर्थ नव्हतं. बाजेखालपर्यंत पसरलेली पत्र्याची टाकी होती आणि तिच्या सांध्यांतून वाफ सुटत होती. बन्सीधर गाडीखाली शिरला. फळ्यांमधून काढलेली, टाकी रिकामी करताना त्याच्या नजरेतून सुटलेली एक रबरी नळी थेट इंजिनाकडं गेलेली होती. तिला कळ होती आणि ती हाकणाऱ्याच्या बैठकीखाली आणून ठेवलेली होती.

"खालची टाकी संपली की कळ फिरवायची," बन्सीधर धुळीनं माखलेलं तोंड बाहेर काढून म्हणाला. "वरचं आपोआप खाली येतंय."

"सलाईनसारखं," कमलबाई म्हणाल्या. "बाटली वर टांगायची, नळी खाली सोडायची. आमी रोज करतो. अजून आमाला कुणी म्हाराज म्हणलं न्हाई."

"अन् गाडी कमी पीत व्हती ते?" भगवानरावांनी विचारलं. त्यांचं उपरणं अजून टाकीच्या तोंडाला बांधलेलंच होतं.

"कमी कुठली?" बन्सीधर चिडून म्हणाला. "एवढं लाकूड घिऊन, एवढा वारा अंगावर घिऊन मोकळ्या गाडीपेक्षा जास्तीच पिली असंल! तुमी पाच लिटर बघितले, बाकीचे देवाच्या बुडाखाली व्हते."

गावकऱ्यांनी मग महाराजांना धरून ठेवलं. त्यांना बोरीच्या पोलिसांच्या हवाली करायचं काम दत्तराव पाटलांनी स्वतःहून अंगावर घेतलं. "मला पहिल्या दिवसापासूनच याचा संशय व्हता," असं ते वाटभर सांगत गेले. गावात तसा संशय नंतर प्रत्येकालाच आला.

गर्दी पांगायच्या आत चांगुणाबाईनं कमलबाईंचा हात धरला. ती त्यांना घराकडं ओढायला लागली. घरातून मनकर्णाचा आवाज आला, आणि तो आवाज कसला आहे ते बाईंना सांगावं लागलं नाही.

"बन्सीधर, गाडी काढ!"

"बाई, टाकीत नुसता तळ हाय. म्हाराज म्हणले व्हते, मठात न्यायला भरू नको..."

"मग तीर्थ काढ की!"

देव्हाऱ्याखालच्या टाकीतून नळीनं पेट्रोल मापात काढलं गेलं. दिनकररावांनी स्वतः माप धरलं. बन्सीधरनं ते गाडीच्या टाकीत ओतलं आणि सवयीनं म्हणाला, "लाभ."

"एक," कमलबाई म्हणाल्या. "एक म्हण. मला मोजून पायजे. परभणीला पोचायचंय."

बन्सीधर क्षणभर घुटमळला. सरजाबाईंनी मात्र मोठ्यानं म्हटलं, "एक." मग मागं उभ्या असलेल्या बायांनी म्हटलं, "दोन." तिसऱ्या मापाला दिनकररावही बोलले. भरून झाल्यावर कमलबाईंनी एक लांब काडी टाकीत बुडवली, ती कुठवर ओली झाली ते पाहिलं आणि मग त्या मनकर्णाचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या.

त्या दिवशी दुपारी परभणीच्या दवाखान्यात मनकर्णाचं पोट उघडून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. ती गाडी सकाळी मठाच्या वाटेला लागली असती तर दोघींना एकाच तिरडीवर न्यावं लागलं असतं, आणि गावानं म्हटलं असतं, देवाची इच्छा.

म्हणून सांगायचं आहे ते एवढंच. देव माना, नका मानू, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण कुणी येऊन सांगितलं की ओझं वाढवलं म्हणजे खर्च कमी होतो, तर त्याच्या पाया पडण्याआधी झाकण उघडा आणि काठी घालून बघा. काठी घातल्यानं जी बरकत जाते, ती मुळात नव्हतीच. आणि जो काठी घालू देत नाही, त्याच्या देवाच्या बुडाखाली काय आहे ते तुम्हाला आता ठाऊक आहे.